बॉडीशॉपमधून परत आलेल्या फोर बाय फोर गाडीबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीच्या खालच्या भागातील अर्धवट कामे आणि चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मोजणीचा लेखी अहवाल मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या बॉडीशॉपमधून माझी गाडी ताब्यात घेऊन आज २१ दिवस झाले. या २१ दिवसांत मी आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरना चार वेळा फोन केला आणि दोनदा प्रत्यक्ष येऊन भेटलो. दोन्ही वेळा "गाडी सरळ चालते ना, मग काळजी करू नका" एवढेच ऐकून परतलो. म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

ओल्या दगडी चढावर मागचे चाक सरकले आणि गाडी डाव्या अंगाने खडकावर जाऊन टेकली. डावा सिल (दरवाजांखालची पत्र्याची पोकळ पट्टी) आत गेला, मागचा डावा दरवाजा चेपला, मागच्या चाकावरचा पत्रा आणि त्याच्या आतली कमान फाटली. जॉबकार्डवर १४ दिवस लिहिले होते, गाडी मिळाली ४३व्या दिवशी. या उशिराचा त्रास झाला, पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. पत्र्याचे काम घाईने उरकण्यापेक्षा चार दिवस जास्त घेतलेले मला चालतात. माझी तक्रार अशी आहे की एवढे दिवस घेऊनही काम फक्त डोळ्यांना दिसते तेवढ्याच भागाचे झाले आहे.

दिसते ते काम चांगले झाले आहे, हेही प्रामाणिकपणे लिहितो. मेटॅलिक रंगाचा शेड जुळवणे किती अवघड असते ते मला माहीत आहे. उन्हात, सावलीत आणि संध्याकाळच्या दिव्याखाली मी दरवाजा पुन्हा पुन्हा पाहिला, पण जुना रंग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते सापडले नाही. दरवाजा आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. ज्या कारागिराने हे केले त्यांना माझे आभार जरूर कळवा.

आता मूळ मुद्दा. गाडीवर काही अपग्रेड करायचे मी वर्षभर ठरवत होतो. दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर (सिल वाचवायला चासीला बसवायचे मजबूत लोखंडी दांडे), पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र), थोडी उंची वाढवणारे सस्पेन्शन आणि ऑल-टेरेन टायर. स्लायडर अपघाताआधीच आणून ठेवले होते. ते त्या दिवशी गाडीला असते तर सिल वाचला असता, म्हणून गाडी घरी आल्यावर पहिले काम तेच काढले. उजव्या बाजूचा स्लायडर अर्ध्या तासात बसला, सगळे बोल्ट हाताने फिरले. डाव्या बाजूला पुढचे दोन ब्रॅकेट चासीला नीट चिकटले, पण तिसरे, म्हणजे मागच्या दरवाजाखालचे, चासीपासून ७ मिमी लांब राहिले. आधी वाटले स्लायडरच वाकडा आहे. तो उतरवून सपाट फरशीवर ठेवून पाहिला, सरळ होता.

मग मी जुन्या पद्धतीने चासी मोजली. गाडी सपाट काँक्रीटवर चार स्टँडवर घेतली. चासीला कारखान्यातूनच दोन्ही बाजूंना सारख्या जागी छिद्रे असतात, त्यांतून ओळंबा सोडला आणि खाली खडूने खुणा केल्या. गाडी बाजूला काढल्यावर जमिनीवर चासीचा नकाशाच उमटला होता. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचे दोन्ही कर्ण सारखे आले, ते पाहून जीव भांड्यात पडला. पण मध्यरेषेची दोरी ताणून मधल्या खुणा तपासल्या, तेव्हा मागच्या दरवाजाखालची डावी खूण उजवीपेक्षा दोरीच्या ७ मिमी जवळ निघाली. म्हणजे स्लायडरला जेवढी फट, तेवढेच अंतर. ओळंब्याच्या मापात दोन-तीन मिमीची चूक होऊ शकते हे मी मान्य करतो, पण दोन वेगळ्या मार्गांनी तोच आकडा येतो, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. चासी सरळ करताना साधारण ३ मिमीपर्यंतचा फरक धरला जातो, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको.

ॲडव्हायझरनी मला व्हील अलाइनमेंटचा कागद दाखवला. त्यावरचे सगळे आकडे हिरव्या रंगात आहेत. तो कागद खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. चासीची दोन्ही टोके जागेवर असतील तर चाकांचे कोन बरोबरच येणार. मधल्या भागात चासीची डावी पट्टी आत दबलेली असेल तर ते त्या कागदावर दिसेलच असे नाही, त्यासाठी चासीच मोजावी लागते. माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा खालचा दांडा नेमका त्याच जागेच्या जवळ चासीला जोडलेला आहे. खडकावर गाडी टेकली की त्या कोपऱ्याचे वजन स्लायडरच्या ब्रॅकेटमार्फत त्याच पट्टीवर येणार. दबलेल्या आणि कदाचित तापवून ओढलेल्या लोखंडावर हा भार टाकायचा की नाही, हे मी अंदाजाने कसे ठरवू?

बाकीचे अपग्रेडही यामुळेच अडले आहेत. सस्पेन्शन उंच केले की पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाके ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटल्यासारखे वाटू लागते. तो दुरुस्त करायचा तर मुळातली मापे पक्की माहीत हवीत. विंच निवडताना तिची ओढण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट धरतात. एवढी ओढ शेवटी चासीलाच सोसावी लागते. म्हणून गाडीवर काहीही चढवण्याआधी तिचा पाया सरळ आहे असा कागद मला हवा आहे. दुरुस्तीनंतर असा कागद प्रत्येक ग्राहकाला मागण्याआधीच मिळायला हवा, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अपग्रेडच्या यादीत मी ब्रीदर पाईप वर घेण्याचे काम धरले होते. दोन्ही ॲक्सलमधले डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारे गिअर), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा भाग) यांना हवा घ्यायला आणि सोडायला छोटे पाईप असतात, ते लांबवून बोनेटखाली उंच बसवायचे, म्हणजे नाला ओलांडताना निश्चिंती. त्यासाठी मी मागच्या ॲक्सलचा पाईप शोधायला खाली शिरलो. तो सापडला ॲक्सलच्या शेजारी लोंबकळताना, तोंड खाली करून. त्याचे वरचे टोक मागच्या चाकाच्या कमानीत, इंधनाच्या नळीमागे क्लिपमध्ये असते. कमान बदलताना क्लिप काढली गेली आणि पाईप परत लावायचा राहून गेला. नवीन पत्र्यावर क्लिपचे छिद्रसुद्धा नाही.

चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून आत खेचली जाते. पाईपचे तोंड पाण्यात असेल तर हवेऐवजी पाणी खेचले जाते. तेलात पाणी मिसळले की ते दुधाळ होते, त्याचे वंगण संपते आणि बेअरिंग व गिअर खराब होऊ लागतात. कुठे गळती दिसत नाही, आवाज येतो तोवर नुकसान होऊन गेलेले असते. मी अजून गाडी पाण्यात घातली नव्हती म्हणून तेल स्वच्छ निघाले. पण गाडी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाणी ओलांडावे लागले असते तर? आपण मला गाडी "तयार" म्हणून दिली होती. या प्रकारच्या गाडीसाठी तयार या शब्दात पाण्यातून जाणेही येते.

तिसरे, सिल. गाडी धुतल्यावर वळवली की डाव्या सिलमध्ये पाणी खळखळल्याचा आवाज येतो. खाली वाकून पाहिले तर पाणी बाहेर पडण्याची छिद्रे अंडरबॉडी कोटिंगने बुजून गेली आहेत. एका छिद्रात मी लाकडी काडी घालून कोटिंग फोडले. आधी काळपट पाण्याची बारीक धार लागली, मग पत्रा घासल्याचा बारीक, चमकदार कीस बाहेर आला आणि शेवटी लालसर पाणी. नवीन सिलमधून २१ दिवसांत लालसर पाणी!

याचे कारण मला समजते ते असे. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त साधारण ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर पोलाद वितळायला १४०० अंशांच्या वर तापावे लागते. म्हणजे वेल्डिंग केले की त्या रेषेजवळचे जस्त जळून जाणारच. बाहेरून त्यावर प्रायमर आणि रंग येतो, पण सिलच्या पोकळीत आतून तो पत्रा उघडाच राहतो. म्हणून वेल्डिंगनंतर लांब नळीने आत मेणासारखे गंजरोधक फवारतात. जॉबकार्डवर हे काम लिहिलेले आहे. मी रबरी बूच काढून छोटा कॅमेरा आत सोडला. उजव्या सिलमध्ये कारखान्याचे पिवळसर मेण दिसले, डाव्यात कोरडा पत्रा आणि वेल्डिंगच्या रेषेवर तांबूस पट्टा. व्हिडिओ सोबत जोडला आहे. हा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेल तेव्हा सुंदर जुळवलेल्या त्या शेडचा काही उपयोग उरणार नाही.

याच सिलवर पुट्टीही जास्त भरली आहे. दोन्ही सिलवर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले. उजवीकडे ते सगळीकडे धरते, डावीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर भागात निसटून खाली पडते. पातळ हात दिलेला मी समजू शकतो. पण चुंबक धरणार नाही इतका जाड थर, तोही जिथे दगड उडून आदळतात अशा जागी, तडकणारच. त्या तड्यातून पाणी आत जाणार.

लहान गोष्टी थोडक्यात लिहितो. मागच्या दरवाजाचे रबर एका कोपऱ्यात दुमडलेले होते, ते मी नीट केले. सायलेन्सरवर कोटिंग उडाले आहे आणि पहिले काही दिवस जळका वास येत होता. चाकांचे नट एअर गनने इतके आवळले आहेत की गाडीतल्या पान्यावर पूर्ण वजन देऊन उभा राहिलो तरी दोन सुटले नाहीत. वस्तीपासून लांब पंक्चर झाले असते तर मी तिथेच अडकलो असतो.

दुसऱ्या भेटीत ॲडव्हायझर म्हणाले, "अशा ठिकाणी गाडी घातली की असे होणारच." हे वाक्य मला फार लागले. खडकावर माझ्या हातून चूक झाली, ती मी लपवलेली नाही. पण निसटलेला पाईप, बुजलेली छिद्रे आणि कोरडा सिल खडकाने केलेला नाही. ही गाडी कच्च्या वाटांसाठीच बनवली आणि विकली जाते. म्हणून तिची दुरुस्तीही त्या वाटा डोळ्यांसमोर ठेवूनच व्हायला हवी.

माझ्या मागण्या या आहेत. चासी मापन यंत्रावर चढवून माझ्यासमोर मोजावी आणि प्रत्येक बिंदूचे कंपनीचे माप व प्रत्यक्षातले माप असा सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. फरक मर्यादेबाहेर निघाला तर चासी कशी दुरुस्त करणार, कुठे तापवणार, कुठे ओढणार, हे काम सुरू करण्याआधी लेखी कळवावे. डाव्या सिलवरची पुट्टी काढून पत्रा नीट करावा, छिद्रे मोकळी करावीत, आतला गंज साफ करून गंजरोधक फवारावे आणि ते कॅमेऱ्याने मला दाखवावे. ब्रीदर पाईप मूळ जागी नवीन क्लिपने बसवावा. त्यासाठी नवीन छिद्र पाडाल तेव्हा त्याच्या कडेला प्रायमर लावायला विसरू नये. यापैकी कशाचाही वेगळा खर्च मी देणार नाही, कारण ही सगळी मूळ कामातलीच राहिलेली कामे आहेत. आपल्या मापांत चासी मर्यादेत निघाली आणि माझा ओळंबा चुकला असे ठरले, तर मी ते मान्य करेन आणि तसे लेखी देईन.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत गाडी आणण्याची तारीख कळवावी. तसे न झाल्यास हीच कागदपत्रे घेऊन मला ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जावे लागेल. माझी इच्छा मात्र आपल्याच कार्यशाळेत, त्याच कारागिरांकडून हे काम पूर्ण व्हावे अशी आहे. तोपर्यंत स्लायडर गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवले आहेत आणि गाडी फक्त डांबरी रस्त्यावर चालवतो आहे. जमिनीवरच्या खडूच्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत. आपल्या तंत्रज्ञांना त्या पाहायच्या असतील तर केव्हाही यावे.

सोबत: जॉबकार्डची प्रत, अलाइनमेंटचा कागद, खडूच्या खुणांची आणि मापांची छायाचित्रे, दोन्ही सिलचा आतला व्हिडिओ, लोंबकळणाऱ्या ब्रीदर पाईपचे छायाचित्र.

आपला,
एक ग्राहक