सुहासला पत्र : चिवड्याचा धंदा सुरू करण्याआधी

इंदिरानगर, नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पुण्याची नोकरी सोडून नाशिकला यायचं, काकूंच्या हातचा चिवडा पाकिटातून विकायचा, आठ लाखांचं कर्ज काढायचं आणि दिवाळीलाच नारळ फोडायचा, असा तुझा बेत. चवीची मला काळजी नाही. काळजी कर्जाची आणि दिवाळीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बसून वाच आणि शेजारी वही ठेव.

कर्जाचा अर्ज आत्ता भरू नकोस. आधी एका पाकिटाला तुला खरोखर किती खर्च येतो ते काढ. घरच्या स्वयंपाकघरात हा हिशेब कधी होत नाही, कारण गॅस, हात आणि वेळ तिथे फुकट धरलेले असतात. खाली एका घाण्याचा हिशेब मांडतो. भाव रोज हलतात, तेव्हा रविवार कारंज्याला जाऊन ठोक भाव विचार आणि माझे आकडे खोडून तुझे लिही. पद्धत मात्र हीच ठेव.

पातळ पोहे ६ किलो, शेंगदाणे १ किलो, डाळं पाऊण किलो, सुकं खोबरं ४०० ग्रॅम, तळलेला कांदा ४०० ग्रॅम, तेल १ किलो ३०० ग्रॅम, बाकी मीठ, पिठीसाखर, तिखट-मसाला मिळून अर्धा किलो. बेरीज होते साधारण १० किलो ३५० ग्रॅम. हातात तेवढा चिवडा येत नाही. पोहे भाजताना त्यातलं पाणी उडतं, तळाशी चुरा राहतो, तो चाळून काढावा लागतो. विकण्याजोगा माल साडेनऊ किलो धर, म्हणजे २०० ग्रॅमची ४७ पाकिटं. नवखा माणूस १० किलो ३५० ग्रॅमला भागतो आणि पहिल्याच दिवशी चार-पाच पाकिटं कागदावर जास्त दिसतात.

कच्च्या मालाचे ११०० रुपये, गॅस ६०, मजुरी २५०, पाऊच-लेबल-खोकी २३५, जागा आणि वीज १००, वाहतूक ८०. एकूण १८२५. एक पाकीट ३९ रुपयांना पडलं. मजुरीत काकूंची आणि तुझी स्वतःची मजुरीही धरायची. ती सोडलीस तर ज्या दिवशी काकूंचे गुडघे दुखतील आणि बाई लावावी लागेल, त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल.

आता पाकिटावर किंमत ६० छापलीस असं समज. दुकानदाराला २० टक्के सोडलेस की तुला ४८ मिळाले, उरले ९. शंभरात तीन पाकिटं परत येणारच, फुटलेली, नरम पडलेली, तारीख गेलेली. त्याचे दीड रुपये वजा केले की उरतात साडेसात. मध्ये वितरक घातलास आणि त्याने छापील किमतीवर ८ टक्के घेतले तर अजून ४ रुपये ८० पैसे गेले. पावणेतीन रुपयांसाठी भट्टीपुढे उभं राहायचं का, ते तू ठरव. माझं मत विचारशील तर पहिलं वर्षभर वितरक नको.

याच्या पुढचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. २० दुकानं, प्रत्येकी आठवड्याला १५ पाकिटं, म्हणजे ३०० पाकिटं. आठवड्याचा नफा २२५० रुपये. पण त्याच आठवड्यात १४,४०० रुपयांचा माल तू दुकानात ठेवून आलास. दुकानदार म्हणाला, 'महिन्याने बघू', तर चार आठवड्यांत ५७,६०० रुपये बाहेर अडकले. म्हणजे पंचवीस आठवड्यांचा नफा लोकांच्या फळीवर पडून आहे आणि इकडे पोह्यावाल्याला रोख द्यायचंय. चांगला खपणारा माल असूनही नवे धंदे बसतात ते इथे. वहीत नफा दिसतो, गल्ल्यात पैसा नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून बिल टू बिल: आधीच्या मालाचे पैसे दिले की नवा माल. आणि एका दुकानात पहिल्यांदा १० पाकिटांच्या वर ठेवायची नाहीत. दुकानदार 'पन्नास ठेवून जा' म्हणाला तर हुरळून जाऊ नकोस, पन्नास ठेवायला त्याचा एक रुपयाही लागत नाही.

थेट गिऱ्हाईक मिळालं तर ६० वजा ३९, सरळ २१ रुपये, दुकानाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून निम्मा नाही तरी एक तृतीयांश माल थेट विक. सोसायट्या, ओळखीची ऑफिसं, अंबड-सातपूरच्या कारखान्यांची कँटीन. कँटीनला पाकीट नको असतं, किलोवर सुटा माल लागतो, त्यात पाऊचचा खर्चही वाचतो. पण तिथेही पैसे कधी मिळणार ते पहिल्याच भेटीत विचार.

आता माल टिकण्याबद्दल. चिवडा तीन गोष्टींनी बिघडतो: ओल, हवा आणि उजेड. ओलीने तो नरम पडतो, हवा आणि उजेडाने तेल खवट होतं. खवटपणा आधी शेंगदाण्यात आणि खोबऱ्यात कळतो, म्हणून पाकीट उघडलं की पोह्यांच्या आधी दाणा चावून बघ.

ओल बहुतेक वेळा कांद्यातून येते. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. ४०० ग्रॅम तळलेल्या कांद्याला दोन किलोच्या आसपास कच्चा लागतो. मोठ्या आचेवर तळला तर कडा तांबूस होतात, आपल्याला वाटतं झाला, पण पाकळीच्या पोटात ओल राहते आणि आठ-दहा दिवसांत ती ओल पोहे ओढून घेतात. काप सारख्या जाडीचे हवेत, आच मध्यम हवी, आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत धीर धरायचा. बाहेर काढून कागदावर पसर, गार झाल्यावर एक काप दोन बोटांत मोड. कट् आवाज करून तुटला तर झाला, वाकला तर पुन्हा कढईत. घाण्यातल्या दहा कापांवर ही परीक्षा कर, एकावर नको. कांदा उन्हाळ घे. लाल कांदा जास्त पाणीदार, तळायला वेळही जास्त खातो आणि तेलही. आणि हिशेबात कांद्याचा आजचा भाव धरू नकोस. लासलगाव-पिंपळगावचा भाव कसा उसळतो ते तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षभरातला चढा भाव धर, म्हणजे छापलेली किंमत मध्येच बदलावी लागणार नाही.

मीठ आधी कोरडं भाजून घे. पिठीसाखर चिवडा कोमट झाल्यावरच घालायची, गरम असताना घातली तर विरघळून गोळे होतात. पाकिटात भरायचा तो पूर्ण गार झाल्यावर. गरम भरला तर आत वाफ धरते आणि पाऊचच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसतात. पण आत्ताच्या पावसात परातीत रात्रभर उघडाही ठेवायचा नाही, पोहे हवेतली ओल भराभर ओढतात. गार झाला की लगेच भर, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात. तळणीचं तेल काळपट, चिकट झालं, फेस धरू लागलं की बाजूला काढ. जुन्या तेलात नवं ओतून वेळ मारून नेऊ नकोस. कायद्याने वापरलेल्या तेलात टीपीसी, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगं, २५ टक्क्यांच्या वर चालत नाहीत, आणि चवीच्या दृष्टीने तर ते तेल त्याच्या खूप आधी संपलेलं असतं.

पाऊच साधा पारदर्शक नको. मेटलाइज्ड घे, आतून चंदेरी असतो तो. त्यातून उजेडही जात नाही आणि ओलही कमी जाते. छापील पाऊच मागवायला गेलास तर कारखाने हजारोंनी ऑर्डर मागतात. पत्ता बदलला, किंमत बदलली की तो सगळा ढीग रद्दी. सुरुवातीला कोरे पाऊच आणि वर चिकटवायचं लेबल. सील करण्याआधी पाऊचचं तोंड कोरड्या फडक्याने आतून पुसायचं, कारण पोह्याचा एक कण सीलमध्ये अडकला तरी तिथून हवा जाते. दर घाण्यातली दोन पाकिटं बादलीतल्या पाण्यात बुडवून दाब. बुडबुडा आला तर त्या घाण्याची सगळी सीलं तपास. हे काम कंटाळवाणं आहे आणि तरीही सोडायचं नाही.

सामान फार लागत नाही. मोठी शेगडी, दोन कढया, झारे, पराती, चाळण्या, काटा, हातसीलर. घरचा सिलेंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागेल. काट्यावर वजनमापे विभागाचा शिक्का हवा आणि तो दरवर्षी पुन्हा मारून घ्यायचा. पाकीटबंद करणारं मोठं यंत्र आत्ता अजिबात नको, दोन माणसं हाताने आठवड्याला ३०० पाकिटं आरामात भरतात. सोसायटीत राहणार असशील तर तळणीच्या वासाबद्दल शेजाऱ्यांशी आणि कमिटीशी आधीच बोल.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, छोट्या व्यावसायिकाची नोंदणी माल विकण्याआधी हवीच, घरच्या पत्त्यावरही होते, तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर येतो. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखाली धंदा सुरू केल्याचं कळवणं, तेही करून टाक. जीएसटी मालाच्या धंद्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत राज्यात विकताना सक्तीचा नाही, तुला लगेच लागणार नाही. लेबलवर मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅमला किती पडते ती किंमत, तुझं नाव नि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, बॅच नंबर, घटक जास्तीकडून कमीकडे, शेंगदाणे असल्याची अ‍ॅलर्जी सूचना आणि शाकाहारी हिरवा ठिपका. घटकांत 'मसाले' एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. ब्रँडचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या साइटवर शोध. नाशिकच्या चिवड्याची जुनी, नावाजलेली दुकानं आहेत, त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं काही घेणं चुकीचंही आहे आणि महागातही पडतं. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे.

कर्जाचं आता. पहिल्या सहा महिन्यांना आठ लाख लागत नाहीत. लागलंच तर केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, त्याला तारण नाही. पीएमएफएमईचं, म्हणजे केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेचं, ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, हे तू लिहिलंयस ते खरं, पण त्याचा अर्थ नीट समजून घे. ते पैसे तुझ्या हातात येत नाहीत, बँक कर्ज देते आणि अनुदान कर्जखात्याशी बांधून ठेवलं जातं. तोवर हप्ता तुलाच भरायचा. ते यंत्रासाठी आहे, यंत्र तेव्हाच घे जेव्हा हाताने भरणं पुरेनासं होईल. अर्जाची खिडकी उघडी आहे का हे कृषी विभागात आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घे, एजंटाला नको.

आणि दिवाळी. दिवाळीत मागणी इतकी येते की नवा माणूस रात्रंदिवस तळतो, कांदा घाईत काढतो, गरम माल भरतो, आणि नेमकी तीच पाकिटं सगळ्यात जास्त घरांत जातात. त्यामुळे दुकानांचं काम दिवाळीनंतर सुरू कर. दिवाळीला फक्त ओळखीच्या घरांच्या किलोच्या ऑर्डरी घे, निम्मे पैसे आगाऊ, आणि दिवसाला चार घाण्यांच्या वर एकही नाही. पाचव्या घाण्याची ऑर्डर आली तर नम्रपणे नाही म्हण. २०२७च्या सिंहस्थावर बरेच जण डोळा ठेवून आहेत, तूही लिहिलंयस. गर्दी येईल हे खरं, पण ती येते आणि जाते. त्या गर्दीच्या भरवशावर जागा भाड्याने घेऊ नकोस. इंदिरानगर, राणेनगर, सिडको असा एका दुचाकी फेरीत बसणारा वीस दुकानांचा पट्टा धर आणि दर आठवड्याला त्याच वारी जा. दुकानदाराला वार पाठ झाला की पैसे काढून ठेवतो.

तोपर्यंत पुण्यात बसून एक काम कर. काकूंकडून एक घाणा करून घे आणि त्यातली बारा पाकिटं बाजूला काढ. पेनने तारीख घाल. चार कपाटात ठेव, चार उजेडाच्या खिडकीत, चार न्हाणीघराच्या बाहेरच्या फळीवर. दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणचं एक उघड आणि तीन गोष्टी लिही: पोहे कुरकुरीत आहेत का, दाणा कसा लागतो, कांदा मोडतो की वाकतो. कोणत्या आठवड्यात कुठलं पाकीट बिघडलं ते कळलं की लेबलवर किती दिवस छापायचे ते ठरवू. कपाटातली चारही धड राहिली तर अजून एक बॅच घेऊन तीच परीक्षा दोन महिन्यांची करू.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
दिलीप

ता. क. वही पाठवशील तेव्हा पोह्यांचा भाव आणि पोत्याचं वजन दोन्ही लिही. पोतं उघडून चाळ आणि चुरा किती निघतो ते तोलून बघ. किलोला दोन रुपये स्वस्त पोह्यात चुरा जास्त निघाला तर ते महागच पडले.