मशीन राहू दे, आधी जमिनीचं बोल

प्रिय विन्या,

तुझं पत्र आणि जमिनीतली उष्णता ओढून घर गरम करणाऱ्या हीट पंपाची सोबतची कोटेशनं वाचली. सगळ्यांत मशीनचं कौतुक पानभर, आणि जमिनीत काय पुरणार ते जेमतेम दोन ओळी! मला तिथंच खटकलं. घरातला हीट पंप 20-25 वर्षांनी बदलता येतो. जमिनीतली नळी नीट पुरली तर 50 वर्षं सहज जाते, आणि बिघडली तर सगळं अंगण उकरावं लागतं. तेव्हा डोकं लावायचं ते लूपवर, म्हणजे जमिनीत पुरलेल्या या नळीच्या वेढ्यावर.

तुझा प्लॉट ऐसपैस आहे, झाडंही अजून लावलेली नाहीत. मी तुझ्या जागी असतो तर आडवा लूपच घेतला असता. दीड-दोन मीटर खोल चर, त्यात एचडीपीईची, म्हणजे टणक प्लास्टिकची नळी, नळीत पाणी आणि ते गोठू नये म्हणून ग्लायकॉल. बोअरपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. फक्त माती बघून घे. ओलसर चिकणमातीतून उष्णता छान येते, कोरड्या वाळूत मात्र नळी बरीच वाढवावी लागते. एकाने नळीची वेटोळी घालून चर आखूड करू म्हटलंय. करता येतं, पण नळी उलट जास्त लागते, आणि वेटोळी दाटीने बसवली की ती एकमेकींच्याच तोंडचा घास पळवतात.

जागा कमी असती तर उभे बोअर घ्यायला सांगितले असते. 10-15 मीटरखाली तापमान वर्षभर जवळपास तेच असतं, म्हणून ऐन थंडीतही पंप दमत नाही. पण बोअर 5-6 मीटर अंतरावर हवेत, आणि नळीभोवतीची पोकळी बेंटोनाइटच्या ग्राउटने, म्हणजे फुगणाऱ्या मातीच्या लगद्याने, तळापासून वर भरत आणायला हवी. ती तशीच सोडली तर उष्णता अडते आणि वरची घाण थेट भूजलात उतरते. तुझ्या बोअरच्या कोटेशनमध्ये ग्राउटचं नावही नाही!

विहिरीचं पाणी थेट फिरवायचं म्हणतोस, तो मोह मला कळतो. कार्यक्षमता उत्तमच मिळते. पण 10 किलोवॉटच्या हीट पंपाला मिनिटाला 20-30 लिटर पाणी लागतं, तेही पंप चालू असेपर्यंत अखंड. पाणी जड असेल, लोह असेल, तर हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पाण्यातली उष्णता काढून घेणाऱ्या भागात, थर साचतो. शिवाय वापरलेलं पाणी सोडायचं कुठे आणि परवानगी कोण देणार? पाणी तपासून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस. तांब्याच्या नळीतून पाण्याऐवजी हीट पंपातला, फ्रिजमध्ये असतो तसला गॅसच जमिनीत फिरवणारा प्रकार तर सोडूनच दे; आम्लधर्मी मातीत तांबं झिजतं आणि गळती शोधता शोधता जीव जातो.

आणि हो, रेडिएटरऐवजी फरशीखालून नळ्या घे. 55 अंशांचं पाणी लागण्याऐवजी 35 वर भागतं, आणि एका युनिट विजेत चार युनिटच्या आसपास उष्णता मिळू शकते.

लूप किती लांब हवा ते खोलीनिहाय हीट-लॉस, म्हणजे प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते, काढल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. लूप तोकडा पडला तर दर हिवाळ्यात जमीन आणखी गार होत जाते. ती आकडेमोड आणि मातीचा रिपोर्ट मला पाठव. तोवर कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुऱ्या