केस बांधून लेथवर जा

बडोदा, रविवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने दाखवला. गुरुवारपासून वर्कशॉप, आणि पहिलाच लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापणारं मशीन. तेव्हा आधी हे वाच: केस घट्ट बांध. वेणी पाठीवर सोडू नकोस, अंबाडा घाल. ओढणी नकोच. बाकीचं पत्र सवडीने वाचलंस तरी चालेल.

स्टेशनवर जे बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही. "मेकॅनिकल म्हणजे तुमच्यासारखं जन्मभर तेलात हात." गाडी गेल्यावर मी बाकावर बराच वेळ बसून होतो, हे खरं. पण रागावून नाही. तुझं एरोस्पेस हुकलं याचं मलाही फार वाईट वाटलंय, फक्त ते बोलता आलं नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याकडच्या विमान कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तू शाळेचा अभ्यास टाकून टीव्हीसमोर बसली होतीस. हवाई दलासाठी छप्पन्न सी-२९५ मालवाहू विमानं, सोळा स्पेनहून तयार येणार, चाळीस बडोद्यात बनणार. आजीकडूनसुद्धा पाठ करून घेतलंस.

मी थोडी चौकशी केली. इस्रोचे माजी प्रमुख सतीश धवन आणि सोमनाथ, दोघेही आधी मेकॅनिकलवालेच. धवनांनी १९४५ साली लाहोरला मेकॅनिकलचीच पदवी घेतली, विमानाचं शिक्षण नंतर अमेरिकेत. सोमनाथांनी कोल्लमला मेकॅनिकल केलं आणि मग बंगळूरला आयआयएससीत एरोस्पेस. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेतला एरोस्पेसचा पेपर मेकॅनिकलच्या मुलांनाही देता येतो. इस्रोच्या भरतीत मेकॅनिकलच्या जागा वेगळ्या निघतात, त्याला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए मागतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच गुण सांभाळ. थर्मो आणि फ्लुइड परीक्षेपुरतं घोकू नकोस, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची गणितं स्वतःच्या हाताने सोडव, मोबाइलवर उत्तर बघून नको, आणि रात्री...

झालं, सुरू झालो. आईला कबूल केलं होतं की व्याख्यान देणार नाही. माफ कर.

मला खरं म्हणजे वेगळंच आठवत होतं. तू आठवीत होतीस. जेवताना ताटाशेजारी पिठात बोटाने चौकोनी खिडकी काढलीस आणि मला कॉमेट विमानाची गोष्ट सांगितलीस. १९५४ साली दोन विमानं हवेतच फुटली. प्रत्येक उड्डाणात आत हवेचा दाब भरायचा, उतरताना सोडायचा. पत्रा ताणायचा, सैल व्हायचा, आणि कोपऱ्याशी ताण गोळा होऊन बारीक तडा जायचा. मग इंग्लंडमध्ये अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कारण सापडलं. तू सांगत होतीस आणि मी घास हातात धरून बसलो होतो. तुला वाटलं, बाबांना कळलं नाही.

कळलं होतं, बाळा. त्याच्या दोन वर्षं आधी मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मी एका पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, केला होता. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथे ड्रॉइंगमध्ये दोन मिलिमीटरची गोलाई होती. माल द्यायची घाई होती, मी कोपरा तसाच काटकोनात ठेवला. मापं सगळी बरोबर आली, मायक्रोमीटर लावून पाहिली होती. तीन महिन्यांत शाफ्ट तुटून परत आला, नेमका त्याच कोपऱ्यात. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा होत्या, तडा रोज थोडा थोडा आत सरकलेला. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दिवाळीला आलीस की दाखवतो, हातात घेऊन बघ. तू विमानाबद्दल सांगत होतीस ते माझ्या लेथवर घडलेलं होतं. त्या दिवशी तुझा केवढा अभिमान वाटला, आणि बोललो काय, तर "भाजी घे."

माझ्या करंगळीचंही तुला पूर्ण सांगितलेलं नाही. मशीन चालू असताना लोखंडी कीस हाताने ओढायला गेलो, हातात मोजा होता, तो जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणाऱ्या चकात सापडला. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मशीनला आपला हात आणि जॉब यात फरक कळत नाही. कीस काढायचा तो मशीन बंद करून, ब्रशने. फिरत्या कामाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, गॉगल मात्र घालायचा. चकची चावी लावून विसरायची नाही. सर सांगतीलच, पण पन्नास मुलं असतील, मागच्या रांगेत ऐकू येईल न येईल.

रात्री तुझ्या खोलीतला दिवा बंद दिसला की बरं वाटायचं. आता तो रोजच बंद असतो.

गुरुवारी काका सुरतेला येतोय, त्याच्याकडे डबा देतो. भाकरवडी आणि लीलो चेवडो आहे. मैत्रिणींना दे, पण चेवडा दोन दिवसांत संपव. डब्याखाली केसांच्या काळ्या जाळ्या आहेत, मंगळ बाजारात मिळाल्या. दुकानदाराने मापाचं विचारलं, मला सांगता येईना, म्हणून लहान-मोठ्या दोन्ही घेतल्या. पण वर्कशॉप सकाळी असेल तर डबा उशिरा पोचेल, तेव्हा त्या दिवशी रबर आणि पिना लाव.

तुझा,
बाबा

ता. क. अंगठी काढून ठेव. आजीची असली तरी.