झाडांच्या नोंदवह्या कपाटात नकोत

काही शाळांतून मुले दर आठवड्याला झाडांची पालवी, फुले, फळे टिपतात. पण वर्षअखेरीस वह्या कपाटात जातात. विश्लेषण अवघड नाही. आधी तारखेचा वर्षातील दिवसक्रमांक करावा (लीप वर्ष नसेल तर १० मार्च म्हणजे ६९), मग वर्षांची तुलना सोपी होते.

सर्वांत मोठी चूक रिकाम्या रकान्याची. ‘पाहिले, फूल नव्हते’ असेल तर ०. ‘पाहायलाच गेलो नाही’ असेल तर रकाना कोरा. सुट्टीतले कोरे रकाने शून्य धरले, की आलेखात बहर अचानक संपल्यासारखा दिसतो आणि मुले भलताच निष्कर्ष काढतात. तसेच ३ मार्चला फूल नव्हते, १० मार्चला दिसले, तर बहर ‘१० मार्चला’ आला असे लिहू नये. दोन्ही तारखा द्याव्यात.

आलेखात आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर फुललेल्या झाडांची टक्केवारी. शेजारी पाहिलेल्या झाडांची संख्याही हवीच. चारपैकी दोन आणि चाळीसपैकी वीस, दोन्ही ५० टक्केच! दोन-तीन वर्षांच्या फरकावरून हवामानबदल सिद्ध झाला असे मात्र मुलांना सांगू नये.

माहिती इतर शाळांना देताना प्रजाती, झाडाचा क्रमांक, ठिकाण आणि ‘पालवी’ कशाला म्हटले ते लिहावे. मुलांची नावे वगळावीत.

— एक वाचक