लोकरीचं टोपडं

खानापूर, जुलै

प्रिय पिंट्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. इथला पाऊस तुला माहीत आहे, लंगोटसुद्धा चुलीवर वाळवावे लागतात.

पंधरवड्यापूर्वी जांबोटीकडची एक आजी सुनेला आणि ७ आठवड्यांच्या नातीला घेऊन आली. पोर रात्रभर किरकिरत होती. लोकरीचं टोपडं, दोन दुपटी, वर आजीची शाल. "अंग तापलंय बघा की डॉक्टर, इंजेक्शनाचा ताप असंल." पण लस टोचून आठवडा झालेला, तो ताप एक-दोन दिवसांत उतरतो. (सिस्टर कन्नडमध्ये विचारतात, आजी मराठीत सांगते, दोघींचं झकास चालतं.)

बाहेर ६० पेशंट. खरं सांगतो, मी रजिस्टरात 'पोटशूळ?' लिहून मोकळा झालो होतो. काखेत १००.८ निघाला. गुंडाळल्यानंही पारा चढतो, म्हणून सगळं सोडायला लावलं. आजी फुगली. टाळू पाहिली, श्वास मोजला, पुरळ, कान, जांघा, पायाची बोटंसुद्धा. आईचा केस बोटाला आवळला तरी पोरं अशीच रडतात, आठवतं ना? काहीच सापडेना. वीस मिनिटांनी पुन्हा १००.६.

तेव्हा कुठे सून हळूच म्हणाली, "कालपासून नीट ओढतच नाही. लंगोट दोनदाच ओला झाला." सासूपुढे इतका वेळ गप्प होती, आणि मीही तिला विचारलं नव्हतं.

तीन महिन्यांच्या आतलं पोर, ताप १००.४ च्या वर, कारण दिसत नाही. मग ते कितीही टवटवीत दिसो, घरी पाठवायचं नाही. तुझ्या हॉस्पिटलात रक्त, लघवी, पाठीतलं पाणी, सगळ्या तपासण्या एका मजल्यावर. माझ्याकडे थर्मामीटर आणि १०८. आजी म्हणे, थेंब द्या, उतरंल. उतरलाही असता, जंतू मात्र तिथेच राहिले असते. त्यात लावणीचे दिवस, बेळगावला थांबणार कोण? अर्धा तास तोच वाद. शेवटी सूनच पोर घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसली.

लघवीत इन्फेक्शन निघालं. या वयात तापामागे जंतू असले की बरेचदा मूळ तिथेच असतं.

काल पोर दाखवायला आणली होती. डोक्यावर टोपडं तेच. बाहेर धो धो कोसळत होता, मी काही बोललो नाही.

लावणी उरकली की ये.

तुझा,
जुना रूममेट