रात्रभर कॉम्प्युटर कशासाठी चालतो: आप्पांना पत्र

पॅरिस, १८ जानेवारी

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडल्याचं आईनं फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. जाता जाता तिनं तक्रारही केली, की मी रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून वीज जाळतो आणि विचारलं तर "आकडे शोधतोय" म्हणतो. तिला फोनवर समजावता येईना. तुम्हाला सांगायचं तर कागद-पेन्सिल लागणारच, म्हणून सविस्तर लिहितोय.

२ चा एखादा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ५ वा घात ३२, त्यातून १ गेला की ३१, मूळ संख्या. ७ व्या घाताला १२७, तीही मूळ. घातांक मूळ असला की उत्तरही मूळ येणार असं वाटू लागतं, तेवढ्यात ११ आडवा येतो: २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन हा इथलाच, मिनिम पंथाचा साधू. १६४८ मध्ये वारला तोवर आयुष्यातली बरीच वर्षं तो पॅरिसच्या मठात राहिला. मठ आता नाही, पण र्यू दे मिनिम हा रस्ता आहे आणि मी कधी कधी मुद्दाम तिकडून जातो. युरोपभरचे गणिती त्याला पत्रं लिहायचे आणि एकाचं म्हणणं तो दुसऱ्याला कळवायचा. १६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितीनं त्याला कळवलं, की ३७ व्या घाताची संख्या मूळ नाही, तिला २२३ नं भाग जातो.

फर्माला २२३ सापडला कसा, हे तुम्हाला नक्की आवडेल. घातांक ३७ असेल तर कुठलाही मूळ अवयव ७४ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवूनच येतो. म्हणजे ७५, १४९, २२३ असे उमेदवार. ७५ मूळच नाही. पुढे आणखी एक नियम कळला: अवयवाला ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. १४९ ची बाकी ५, तोही गेला. २२३ ची बाकी ७. आता ३७ बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा: १००१०१. १ पासून सुरुवात करून डावीकडून एकेका अंकाला हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, अंक १ असेल तर त्याची दुप्पट करायची, आणि २२३ नं भागून बाकी तेवढी ठेवायची. बाक्या येतात २, ४, १६, ६६, ११९ आणि शेवटी १. शेवटी १ आला की भाग गेला. ३७ व्या घाताची संख्या बारा अंकी आहे, पण ती कुठे लिहावीच लागली नाही!

आप्पा, सगळी गंमत इथेच आहे. काही हौशी लोक एक अब्ज अंकी मर्सेन संख्यांचे अवयव शोधतात. त्यांचे घातांक ३३२ कोटींच्या पुढचे. पानाला दोन हजार अंक धरले तर अशी एक संख्या छापायला पाच लाख पानं लागतील. ती मूळ आहे का हे तपासणं आज घरच्या कॉम्प्युटरच्या आवाक्यात नाही. पण एखाद्या उमेदवारानं तिला भाग जातो का, हे वर लिहिलेल्या पद्धतीनं ३२ पायऱ्यांत कळतं, कारण घातांक बायनरीत ३२ अंकीच आहे. ग्राफिक्स कार्ड असे असंख्य उमेदवार एकाच वेळी तपासतं.

मी करतो ते त्यामानानं लहान. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या जिम्प्स या उपक्रमात जगभरचे लोक घरच्या कॉम्प्युटरवर मर्सेन मूळ संख्या शोधतात. २०२४ मध्ये सापडलेली ४ कोटी १० लाख अंकांची आहे, घातांक १३,६२,७९,८४१. एकेका घातांकाची पूर्ण चाचणी लांबलचक चालते. त्याआधी लहानसा अवयव सापडला तर तो घातांक बाद आणि पुढचं सगळं काम वाचतं. हे चाळणीचं काम मी घेतलंय. खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यानं मला हा नाद लावला.

बायनरीत ७५ अंकी असलेला अवयव सापडायची शक्यता साधारण ७५ त एक, आणि बायनरीत एक अंक वाढला की काम दुप्पट. त्यामुळे सकाळी उठून पाहावं तर बहुतेक वेळा "नाही" हेच उत्तर. तेही नोंदवायचं, म्हणजे तीच जागा दुसऱ्या कुणाला पुन्हा खणावी लागत नाही. मला हे "नाही" मनापासून महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबरात मात्र एक अवयव मिळाला, तेवीस अंकी. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून मी स्वतः पडताळा घेतला, शेवटी १ आला, आणि शेजाऱ्यांचं दार वाजवायला खाली धावलो.

मर्सेननं १६४४ मध्ये मूळ संख्यांची यादी दिली, त्यात ६७ वा घात होता. १८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितीनं दाखवलं की ती मूळ नाही, पण अवयव त्यालाही माहीत नव्हते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत अमेरिकन गणिती फ्रँक कोल फळ्याजवळ गेले, एकही शब्द न बोलता १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ काढून दाखवली, मग १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ करून तेच उत्तर आणलं आणि जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. यातल्या लहान अवयवातून १ वजा करा: उरलेल्या संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त २६७७. १९७४ मध्ये जॉन पोलार्ड यांनी सुचवलेली पद्धत नेमकी अशाच अवयवांना पकडते, आणि आज हे उत्तर क्षणात येतं. उलट १२७७ वा घात घ्या. संख्या ३८५ अंकीच, मूळ नाही हे सिद्ध झालंय, आणि तरी एकही अवयव आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही.

विजेचं म्हणाल तर मी हे हिवाळ्यातच चालवतो. खोली गरम करायला विजेचा हीटर लावावाच लागतो. कार्डाच्या उष्णतेनं तेवढा हीटर कमी लागतो. उन्हाळ्यात बंद. आईला एवढं सांगा.

पैसे मिळत नाहीत. नाव नोंदलं जातं, बस्स. देवळालीच्या कापरेकर मास्तरांबद्दल तुम्ही वर्गात सांगायचात, ते शाळेत शिकवत आणि ६१७४ सारख्या संख्यांशी झटत. तेव्हा आम्ही फक्त ऐकून घेतलं. आता कळतं, तुम्ही ते इतक्या जीव तोडून का सांगत होतात.

तुमच्यासाठी एक गणित पाठवतो. २९ व्या घाताची मर्सेन संख्या ५३,६८,७०,९११. तिचे मूळ अवयव तीन. ५८ चा पाढा, अधिक १, आणि ८ च्या बाकीची चाळणी. पहिला चौथ्याच पायरीला मिळेल, उरलेले दोन चाळीस पायऱ्यांच्या आत आहेत. पण डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिल्याशिवाय वही उघडू नका. थेंब वेळेवर घाला.

आईस नमस्कार, ताईच्या मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सुहास