अर्धी स्ट्रिप

लालबाग, मुंबई
मंगळवार, रात्री

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

बाबा बरे आहेत, आधी तेच लिहिते. संध्याकाळी प्रेशर १३०/८० आलं. सकाळी दूध आणायला निघाले आणि जिन्यातच मटकन बसले, तेव्हा ९०/६० होतं; म्हणून तुला ड्युटीवर फोन केला. दोन्ही स्ट्रिपचा फोटो बघून तू म्हणालास, "दोन्ही टेल्मिसार्टनच आहेत, एवढं कळत नाही?"

प्रेशरची एकच गोळी दोन नावांनी, आणि बाबा दोन्ही घेत होते. कसं कळणार रे? घरची स्ट्रिप केमिस्टने कात्रीने कापून दिलेली, नावातलं 'सार्टन' तेवढं उरलंय. हॉस्पिटलची दुसऱ्या कंपनीची, नाव वेगळं, रंग वेगळा. घरची बंद करा, असं कुणी म्हणालंच नाही. डिस्चार्जच्या वेळी मी बिलाच्या रांगेत, तोवर पिशवी बाबांच्या मांडीवर, वॉर्डबॉय व्हीलचेअर धरून उभा. "कागदावर सगळं आहे," एवढंच बाबांना सांगितलं. कागदावर १-०-१, कुठे ओडी, कुठे एचएस. बाबांनी मान डोलावली. ते कुठेही डोलावतात.

पेशंटशीही असाच बोलतोस का तू? असो. रागावून लिहायचं नव्हतं.

आजीची पाण्याची गोळी आठवते? सकाळची गोळी ती रात्री घ्यायची, मग चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत रात्रभर खेपा. शेवटी गुपचूप बंदच केली. पाय सुजले तेव्हा आम्हाला कळलं. मग तू, सहावीतला, रोज डबा घेऊन तिच्यापुढे बसायचास. "आता तू सांग आजी, पांढरी कधी?" चुकली की पाढा पहिल्यापासून. वैतागायची, पण पाठ झालं तिचं. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं.

वॉर्डात चाळीस पेशंट आणि डोळ्यांवर झोप, कळतं मला. तरी घरच्या गोळ्यांची पिशवी मागवून घेत जा. नवी कुठली, बंद कुठली, मराठीत लिहून दे. आणि "कळलं ना?" विचारू नकोस, त्याला बाबांसारखी माणसं हो म्हणतात. त्यांनाच सांगायला लाव.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर, डॉक्टर तू आहेस. अख्ख्या चाळीला मीच सांगत फिरते ते. पण सकाळचा तुझा तो आवाज कानातून जात नाही. समोर कुणाची म्हातारी आई असली तर ती पुन्हा विचारेल का तुला?

बाबांना तुझं बोलणं सांगितलेलं नाही. कापलेली स्ट्रिप ठेवून दिली आहे. गणपतीत आलास की बघ, तुला तरी वाचता येते का.

जेवलास का?

तुझी,
आई